साडूंनी न उघडलेलं खोकं

माझ्या थोरल्या साडूंना रंगाच्या कारखान्यात सगळे ‘सीलबंद’ म्हणायचे. चौतीस वर्षं त्यांनी तिथलं गोदाम सांभाळलं. खोकं जसं आलं तसंच बाहेर गेलं पाहिजे, आत काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाले तरी धर्म सुटला नाही. घरातल्या सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. मी त्यावरून दोनदा घसरलो.

नातीच्या नवव्या वाढदिवसासाठी त्यांनी गेम खेळायचा कन्सोल आणला. नेमकी आदल्या दिवशी पेपरात बातमी आली, पुढच्या महिन्यापासून कन्सोल महागणार. साडू खुर्चीतून उठलेच.

“अहो धाकटे,” ते मला म्हणाले, “टीव्ही जुना झाला की भाव पडतो, सायकल जुनी झाली की पडतो, आपला तर कधीच पडला. आणि ही वस्तू बघा, कपाटात बसल्या बसल्या वाढणार!”

खोकं कपाटात गेलं. नातीला रंगपेटी मिळाली.

“आणि माझा गेम?”

“तुझाच आहे गं बाळा. जरा भाव चढू दे.”

दर सुट्टीत ती यायची आणि आधी कपाटासमोर उभी राहायची. भाव चढतच होता. कंपनीने आधी किंमत वाढवली. मग नवीन मॉडेल काढलं, त्यातली डिस्क घालायची खाच काढून टाकली आणि खाच नसल्याचे जास्त पैसे लावले. कन्सोल उभा ठेवायचा स्टँडही वेगळा विकायला काढला. मला हे शास्त्र समजलं नाही, माझंच काही चुकत असेल. साडूंना मात्र सगळं समजत होतं. भाववाढीची प्रत्येक बातमी कापून ते खोक्याशेजारी ठेवत.

“पोरीचं खेळायचं वयही ठेवलंय यांनी कपाटात,” त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या ताई, म्हणायच्या. “त्यालाही चांगला भाव येईल म्हणे.”

यंदा नात तेरा वर्षांची झाली. आली, जेवली आणि कपाटाकडे न बघता मोबाईल घेऊन खिडकीत बसली.

“विचारलंसुद्धा नाही हो तिने,” साडू मला हळूच म्हणाले.

“शहाणी झाली,” मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, पण त्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भाववाढीची बातमी आली. साडूंनी ठरवलं, आता विकायचं आणि त्या पैशांत नातीला हवं ते घ्यायचं. साडू, नात आणि मी जुने कन्सोल घेणाऱ्या दुकानदाराकडे गेलो. खोकं साडूंनी तान्ह्या बाळासारखं धरलं होतं. दुकानदार एका उघड्या यंत्रातली धूळ ब्रशने झाडत होता.

“काका, नवीन महागलं म्हणून जुनं महागत नाही,” तो म्हणाला. “दुधाचा भाव वाढला म्हणून परवाचं नासकं कोण घेतं?”

“अहो, पण हे वापरलेलंच नाही!”

“तेच तर. चार वर्षं पडून आहे, चालतं की नाही कुणाला ठाऊक? सील फोडा, चालवून दाखवा. तुम्ही दिलेल्या किमतीचा सहावा हिस्सा देतो.”

“आणि सील फोडल्यावर?”

“मग ते वापरलेलं झालं. सातवा.”

“आणि नाही फोडलं तर?”

“तर घेत नाही.”

साडूंनी नातीकडे पाहिलं. “तू सांग बाळा.”

“द्या ना विकून, आजोबा. मला काय करायचंय त्याचं?”

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

ते बराच वेळ खोक्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “कात्री आहे का?”

“म्हणजे विकताय?” दुकानदाराने विचारलं.

“नाही. खेळतोय.”

हजारो खोकी हाताखालून गेलेल्या त्या माणसाला पहिलं सील काही कापता येईना. पट्टी वाकडीतिकडी फाटू लागली. शेवटी नातीनेच कात्री घेतली. “द्या इकडे, आजोबा. बघवत नाही.”

दुकानदाराने कीव येऊन मोटारींच्या शर्यतीची एक जुनी डिस्क फुकट दिली. घरी येऊन नातीने कन्सोल टीव्हीला जोडला. पडद्यावर सूचना आली, या मॉडेलसाठी कंपनीची ऑनलाइन सेवा बंद झाली आहे. साडूंनी ती मोठ्याने वाचली.

“म्हणजे आता सातवा हिस्साही नाही?”

“नाही,” नात म्हणाली. “डिस्कवरचं मात्र चालेल. दाबा बटण. ते नाही हो, उजवीकडचं!”

साडूंची मोटार उलटी फिरली, कुंपण मोडून गेली आणि तळ्यात शिरली. हसता हसता नातीला ठसका लागला.

“रस्ता तिकडे आहे, आजोबा!”

“मला दिसतोय की! गाडीला दिसत नाहीये.”

खिडकीत तिचा मोबाईल वाजू लागला. मी तो आणून द्यायला उठलो.

“वाजू दे,” ती म्हणाली. “आजोबा, आधी तळ्यातून बाहेर या.”