आलापाच्या जागी बोट

गाण्यात ती जागा आली की काकूंचं उजव्या हाताचं पहिलं बोट वर जायचं. मग आमच्याकडे वळून त्या हळूच म्हणायच्या, "ही मी."

ती जागा म्हणजे दर रविवारी लागणाऱ्या एका जुन्या मालिकेच्या शीर्षकगीतातला आलाप. सगळ्या मुली मिळून गायच्या आणि मध्येच एकटीचा आवाज वर चढायचा, जेमतेम एक श्वासभर. पडद्यावरच्या नावांत काकूंचं नाव नव्हतं, नुसतं 'आणि सहकारी' असायचं. "ते सहकारी म्हणजे आम्ही, नाशिकच्या गाण्याच्या क्लासच्या मुली," काकू सांगायच्या.

सिडकोतल्या आमच्या घरांच्या ओळीत त्यांचा केवढा मान होता. आमच्याकडे पाहुणे आले की चहाच्या आधी आई सांगायची, "शेजारच्या बाई टीव्हीत गायल्यात." तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल, ज्याच्या मोठेपणातला चिमूटभर वाटा आपल्यालाही मिळतो. काका मात्र चेष्टा करायचे. "एवढ्या गाण्यात आमच्या घरचा वाटा एका जांभईएवढा," म्हणायचे. आलाप जवळ आला की सगळ्यांना गप्पही तेच करायचे.

गंमत म्हणजे आम्ही काकूंना प्रत्यक्ष गाताना कधीच ऐकलं नाही. गणपतीत, हळदीकुंकवाला किती आग्रह झाला असेल. "एकदा म्हटलंय की टीव्हीत. सारखं सारखं काय?" हे ठरलेलं उत्तर. पोळ्या लाटतानासुद्धा त्या गुणगुणत नसत. आम्ही तो गायिकेचा नखरा समजायचो, आणि आम्हाला तोही आवडायचा.

पुढे मालिका संपली, काका गेले, ओळीतली अर्धी घरं विकली गेली. दोनेक वर्षांपूर्वी ते शीर्षकगीत मला यूट्यूबवर सापडलं आणि मी भर दुपारी काकूंकडे धावले. त्या मेथी निवडत होत्या. इयरफोनचं एक टोक त्यांच्या कानात घातलं, एक माझ्या. आलाप आला, गेला. बोट वर गेलं नाही.

"काकू, तुमची जागा गेली की."

"ती मी नाही गं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. रेकॉर्डिंगला जायचं म्हणून इतका आनंद झाला होता, की नाशिक रोडला गाडीत बसल्या बसल्या त्या गायला लागल्या. इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबली, तर शेजारच्या डब्यातले लोकही ऐकायला आले. "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा करत होते. मी म्हणत गेले. मुंबई येईपर्यंत घसा पार बसला." स्टुडिओत आलाप दुसऱ्या मुलीला दिला. तिला नेमकं कुठे उचलायचं ते कळेना, म्हणून काकूंनी काचेपलीकडून बोट वर करून जागा दाखवली.

"बोट माझं, आवाज तिचा. मालिका सुरू झाली तेव्हा आमचं नवीनच लग्न झालेलं. ह्यांनी इतक्या कौतुकानं विचारलं, 'तू कुठे आहेस यात?' मी बोट वर केलं. मग ते खाली घेताच आलं नाही." मेथीचं पान खुडत म्हणाल्या, "ह्यांच्यासमोर गायले असते तर आवाज वेगळा आहे हे कळलं असतं. म्हणून गाणंच सोडलं."

मला फार वाईट वाटलं. एका श्वासाच्या आलापापायी या बाईनं अख्खं गाणं गिळून टाकलं होतं.

"मग आता म्हणा," मी म्हटलं. "आता कुणापासून लपवायचंय?"

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि त्या गायल्या. आवाज त्या मुलीपेक्षा जाडा होता, वयानं थरथरत होता. पण आलाप असा चढला की माझंच बोट वर गेलं.

संपल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "रेकॉर्ड केलंस ना?"

मला सुचलंच नव्हतं. "काकू, पुन्हा एकदा म्हणा ना."

"नको," त्या परत मेथी निवडू लागल्या. "पुन्हा पुन्हा म्हणण्यातच तेव्हा गेलं सगळं. आज चांगलं झालंय, राहू दे."

त्याच वर्षी थंडीत काकू गेल्या. मालिकेचं ते गाणं माझ्या मोबाइलमध्ये आहे. ती जागा आली की मी बोट वर करते, आणि ऐकू येते ती दुसरीच मुलगी.