साडूचं सिमेंट

सिमेंट कारखान्यातच होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझा खर्ड्याकडचा साडू पाहिलेला नाही. माझी शाळा दुसरीत सुटली, तरी मी कधी कुणापुढं मान तुकवली नाही. या माणसापुढं मात्र तुकवली.

दुष्काळाचं साल होतं. टँकर एक दिवसाआड यायचा आणि साडूच्या बैलांचा हौद तडकलेला. सिमेंट तेव्हा सरकारी परवान्यावरच मिळायचं, आणि परवाना नगरच्या कचेरीत अडकलेला. हौद पाणी धरीना तर बैलजोडी जनावरांच्या छावणीत न्यावी लागणार, आणि साडूच्या लेखी ते म्हणजे पोटची पोर अनोळखी घरात देणं. "सिमेंट म्हंजे दगड आन् मातीच ना, पाव्हणं? दोनी माज्या रानात हायेत."

एकदा मालट्रकबरोबर तो सिमेंटच्या कारखान्यात जाऊन आला होता. तेवढ्यावर सगळं तोंडपाठ. चुनखडी फोडायची, चिकणमाती घालून दळायची, फिरत्या भट्टीत भाजायची, निघालेल्या गोट्या जिप्सम टाकून परत दळायच्या. फिरती भट्टी म्हणून त्यानं डांबराचं पिंप आडवं टांगलं, खाली बाभळीची लाकडं पेटवली आणि दांडा फिरवायला मला बसवलं. फळ्याचा खडू जिप्समचाच असतो असं मास्तर बोलून गेले, तर शाळेतले सगळे तुकडे हा वेचून घेऊन आला. दळायला मेव्हणीचं जातं. ती मला म्हणाली, "दाजी, तुमच्या साडूला इचारा, भाकरी बी आता चुनखडीचीच खायची का?" साडू म्हणाला, "दम धर. आदी बैलांचं, मंग मानसांचं."

दोनदा माल फसला, नुसता भुसभुशीत. तिसऱ्यांदा त्यानं लोहाराचा भाता लावला, भिवया जाळून घेतल्या आणि करड्या गोट्या काढल्या. त्या दळून हौद लिंपला, मोरीच्या पाण्यात भिजवलेली पोती टाकून ओला राखला. टँकर आला, हौद भरला, आणि खालून बारीक पाझर सुटला. मी तोंड फिरवलं. साडूनं बैल सोडून आणले, एकाच्या पाठीवर हात ठेवला. "आटपा बाबांनो, जायच्या आत प्या." दुसऱ्या दिवशीही तळाला त्यांच्यापुरतं पाणी होतं. छावणी टळली. पाऊस येईपर्यंत बैल असेच घाईघाईनं पाणी प्याले.

पाऊस झाल्यावर परवान्याची गोणी आली. साडूनं चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहिली. "आपल्यापरीस बारीक हाय," एवढंच बोलला. भट्टी त्यानं पुन्हा पेटवली नाही. मी दोनदा सुचवून पाहिलं, तर हसून बैलांना हौदावर घेऊन गेला.