ज्ञानदेवभाऊंची तोंडी परीक्षा

आमच्या कॅनडातल्या सस्काटूनच्या गल्लीत बर्फ पडला की कुणाचा ड्राइव्हवे आधी साफ होतो ते विचारू नका. शेवटी कुणाचा होतो ते सांगते. ज्ञानदेवभाऊंचा. हातात फावडं आलं की त्यांना भाषण सुचतं. माणूस मूळचा नागपूरचा, पोटॅश खाणीच्या ऑफिसात इंजिनिअर, आंबेडकर असोसिएशनचा सेक्रेटरी. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या हातून माईक काढून घ्यायला दोन माणसं नेमावी लागतात!

यंदा त्यांचा विषय होता ब्रह्मदेशातल्या शाळा. कारण चिरंजीव धम्मदीपनं मंडालेची थिरी पसंत केली होती आणि तिचे वडील, रिटायर्ड हेडमास्तर, घर बघायला येणार होते. ते हो म्हणाले तरच लग्न.

"ताई, तिकडे विहार हीच शाळा!" उणे पंचवीसमध्ये भाऊ मला सांगायचे. "भन्ते हेच गुरुजी, पोरं ओरडून पाठ करणार. मग इंग्रजांनी भूगोल आणला, मग लष्करानं मिशनच्या शाळा ताब्यात घेतल्या, मग नवा सिलॅबस..."

"अहो, ताईंचे पाय गोठले," दारातून त्यांच्या मंडळी, बेबीवहिनी, ओरडायच्या. "त्यांना डिग्री देऊन घरी सोडा आता!"

हेडमास्तर आले. बेसमेंटमध्ये आम्ही बाराजण, प्रोजेक्टर आणि समोसे. भाऊंनी पाहुण्यांना त्यांच्याच देशाच्या शाळांचा इतिहास पन्नास स्लाइड्समधून शिकवायला घेतला.

"बाबा, प्लीज, दॅट्स इनफ," धम्मदीप कुजबुजला.

हेडमास्तरांनी डोळे मिटले होते. भाऊंना वाटलं, रंगलेत.

तेराव्या स्लाइडवर होतं: विहारातल्या पोरांचा पहिला धडा म्हणजे अडतीस मंगलांचं पाली सुत्त. हेडमास्तर डोळे न उघडता इंग्रजीत म्हणाले, "म्हणून दाखवा."

आता भाऊ दर रविवारी वंदनेला तेच म्हणतात. पण पुस्तिकेत बघून! सहा मंगलं निघाली, सातव्याला गाडी रुतली. सातवं म्हणजे बहुश्रुतपणा. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी समोशाकडे पाहिलं.

तेवढ्यात चटणीचं भांडं घेऊन बेबीवहिनी जिना उतरत होत्या. त्यांनी तिथूनच पुढचं उचललं आणि चटणी न सांडता अडतिसावं मंगल गाठलं.

हेडमास्तर उठून उभे राहिले, हात जोडले. "बाई पास. मुलगी यांच्या घरात देतो. तारीख मात्र," त्यांनी भाऊंकडे बोट केलं, "या विद्यार्थ्याचं पाठ झाल्यावर. आणि मोठ्यानं. आमच्याकडे आवाज बंद झाला की गुरुजी ओळखतात, पोरगं झोपलं."

आता रोज सकाळी भाऊ फावडं मारत सुत्त ओरडतात. खिशातल्या फोनवर मंडालेहून हेडमास्तर ऐकतात. भाऊ जरा दमले की खिसा खेकसतो, "लाउडर!"

मला सगळं पाठ झालंय. पलीकडच्या युक्रेनियन आजीसुद्धा निम्मं म्हणतात. भाषणं बंद, त्यामुळे ड्राइव्हवे गल्लीत सगळ्यात आधी भाऊंचाच साफ होतो. फक्त तारीख ठरत नाही. थिरीनं लग्नाच्या हॉलचं बुकिंग दोनदा पुढे ढकललंय, कारण भाऊ तीन आठवडे तेविसाव्या मंगलावर अडकलेत.

तेविसावं म्हणजे नम्रता.