ताई, जोडी बांधली काय?

हसणारे हसतील, मीही हसले असते. आजेसासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे, भूतखेत सगळं बंद. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की सासूबाई आधी विचारतात, जेवला होता का तो? अशा घरातली मी. पटवून द्यायला बसलेली नाही... घडलं तेवढं सांगते.

आर्णी तालुक्यात आमचं गाव. तिथून दीड किलोमीटरवर, टेकडीवर, आमचं बरड वावर – नुसता मुरूम आणि दगड. खाली यायला एकच गाडरस्ता, लांब उतार, शेवटी नाल्याशी वळण. मिस्टर नोकरीला पुसदला, त्यामुळे ट्रॅक्टर मीच चालवते. शिकवला आर्णीच्या सलीमभाई मेकॅनिकनी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – ट्रॅक्टरला ब्रेक दोन असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. वावरात धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाशी, वळताना एकच दाबतात. रस्त्यावर आणि उतारावर मात्र दोन्ही पट्टीने एकत्र अडकवायचे, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होऊन पलटतो. या पट्टीला सगळे 'लॉक' म्हणतात. सलीमभाईंचे वडील बैलगाड्या दुरुस्त करायचे, म्हणून ते एकटे तिला 'जोडी' म्हणतात. वर्कशॉपमधून निघताना दरवेळी विचारणार, "ताई, जोडी बांधली काय?" मी म्हणायची, बांधली हो! बघायची मात्र नाही.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी अर्ध्या वावरात कल्टिव्हेटर मारला. मग तो सोडून ट्रॉली जोडली, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उपटलेली वाळकी झाडं, भरली. सोबत माझी धाकटी जाऊ प्रज्ञा. चार वाजता निघालो. ती म्हणाली पायी येते, पण तिचा पाय मुरगळला होता, म्हणून मीच बळेच तिला मडगार्डवर बसवलं. कुणाला बसवू नये हे मला चांगलं माहीत होतं. पण आपलंच वावर, आपलाच रस्ता...

उताराच्या तोंडाशी आले, आणि मागून आवाज आला – "ताई, जोडी बांधली काय?"

इंजिनच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं कळत नाही, हे मात्र कानाशी बोलल्यासारखं स्पष्ट. मी सवयीने "बांधली हो" म्हणून मोकळी झाले. क्लच सोडणार तोच पुन्हा तेच, तसंच शांत. मी मागे पाहिलं. ट्रॉलीत पऱ्हाटी, बाकी कुणी नाही. मग खाली पाहिलं. सकाळी वळायला सोडलेली पट्टी तशीच सुटी लोंबत होती.

प्रज्ञाला म्हटलं, तू पायीच ये, सावकाश. पट्टी अडकवली, पहिला गिअर टाकला आणि उतरले. वळणावर ट्रॉलीने मागून असा रेटा दिला की ब्रेकवर उभीच राहिले. चाकं सरळ घसरली आणि नाल्याच्या दोन हात अलीकडे ट्रॅक्टर थांबला.

घरी आम्ही दोघी चहा घेत होतो. प्रज्ञा हळूच म्हणाली, "बाई, त्यानं दोनदा विचारलं नं?"

"कोणी?"

"माह्या भावानं. ताई म्हणून तोच हाक मारे मले."

तिचा भाऊ चार वर्षांपूर्वी केळापूरकडे एका उतारावर चालवत असलेला ट्रॅक्टर पलटून त्याखाली गेला. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तिला मडगार्डवर बसवलं. त्या क्षणी मला स्वतःची फार लाज वाटली.

"पण जोडी म्हंजे काय हो, बाई?" तिने विचारलं.

मी पट्टीचं सगळं समजावून सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग त्याची बांधेल नसन." आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

संध्याकाळी सलीमभाईंना फोन केला. ते दिवसभर वर्कशॉपमध्येच एका इंजिनखाली होते, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. त्यांचा शब्द प्रज्ञाच्या कानी कसा आला, आणि तोही तिच्या भावाच्या आवाजात, हे शोधणं मी सोडलंय. मला तो आवाज सलीमभाईंचा वाटला होता. प्रज्ञाला मात्र मी हे सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.