शिक्का जागेवर आहे

परवा मुलीच्या ऑफिसात गेले होते. तिच्या शेजारी बसणाऱ्या तरुणाच्या टेबलावर पाटी होती: 'एका वेळी एकच काम सांगा. लिहून द्या.'

मुलगी म्हणाली, "आई, गोंगाटात सांगितलेलं त्याच्या डोक्यात राहत नाही. त्याला मदत करायला एक मॅडम येतात. कसं वागायचं ते त्यांनी आम्हालाही शिकवलं."

मी पूर्वी नोकरी करायचे त्या वाचनालयातले सहकारी सबनीस मला आठवले. भिंतीला पाठ लावून बसायचे, कुणाच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे तोंडपाठ. तारखेचा शिक्का कायम उजव्या हाताला. अशा वागण्याला काही नाव असतं, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही आपले 'विक्षिप्त' म्हणून मोकळे व्हायचो. एकदा मी गंमत म्हणून तो शिक्का लपवला. ते उठले, घरी गेले आणि दोन दिवस आलेच नाहीत.

आमच्या ग्रंथपाल बाईंना कुठल्या मॅडमनी काही शिकवलेलं नव्हतं. त्या मला रागावल्याही नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्याच हाती सबनिसांच्या घरी पाठवली. वाटेत मी ती उघडून वाचली.

'शिक्का जागेवर आहे. या.'