भिवंडी, वार्ताहराकडून

आमच्या पेपरात तालुक्याच्या बातमीला नाव लागत नाही. 'भिवंडी, वार्ताहराकडून' एवढंच छापतात. गणपतीच्या मिरवणुकीपासून डेंग्यूच्या साथीपर्यंत सगळं त्या एकाच वार्ताहराने लिहिलेलं असतं, आणि ती वार्ताहर म्हणजे मी. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. 'नाव कुठंय तुझं?' म्हणून त्या पेपर उलटसुलट करून बघतात. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटायचं, पण बातमी छापून आली की गिळून टाकायचे.

मग शेलार गावाच्या पलीकडल्या पाड्यावरची एक बाई माझ्याकडे आली. गोदामात रोजंदारी करणारी, छातीशी दीड-दोन महिन्यांची नात. तिची मुलगी इथल्या एका खाजगी दवाखान्यात बाळंत झाली होती. रक्त थांबेना म्हणून तिला ठाण्याला पाठवलं, आणि कशेळीला गाड्यांच्या गर्दीत अँब्युलन्समध्येच ती गेली. 'कशेळीच्या कोंडीत बाळंतिणीचा बळी' अशी बातमी मी तेव्हाच दिली होती. पाठोपाठ आणखी दोन दिल्या, एक रक्ताच्या तुटवड्याची, एक अँब्युलन्सची. तिन्ही चांगल्या ठळक लागल्या होत्या.

बाई माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, रस्ता तं रोजच तुंबतो. माझी पोर कशानं गेली, ते सांग."

मला सांगता येईना. दवाखान्यात गेले तर डॉक्टर म्हणाले, सगळं नियमाप्रमाणे झालंय. आता यापुढे काय विचारायचं? नियम कुठला, तो कोण तपासतं, हे विचारायलासुद्धा आधी काहीतरी माहीत असावं लागतं. मी बी.ए. मराठी. मला मथळा सुचतो, पण पुढचा प्रश्न सुचत नव्हता. बाई दर आठवड्याला यायची, आणि मी दर आठवड्याला 'बघते हं' म्हणायचे. त्या 'बघते हं'ची मला किळस यायला लागली.

म्हणून मी शिकायचं ठरवलं. आरोग्याच्या पत्रकारितेचं शिक्षण फुकट मिळतं, नुसतं मोबाइलवर बसायचं, असं कुणीतरी सांगितलं. मिळतं खरं, पण सगळं इंग्रजीत. आणि आमची खोली धामणकर नाक्यामागे, खाली लूमचा, यंत्रमागांचा खडखडता कारखाना. आमच्या गल्लीत नवराबायको प्रेमानेसुद्धा ओरडून बोलतात. एकदा धीर करून मी माइक चालू केला, तर दिल्लीच्या तज्ज्ञ बाई दचकल्याच. "देअर इज सम मशीन," म्हणाल्या आणि त्यांनी मलाच म्यूट केलं. मशीन चालूच राहिलं. मुंबईत हॉटेलात कार्यशाळा होत्या, पण त्या पगारी बातमीदारांसाठी, कचेरीचं ओळखपत्र असलेल्यांसाठी. हौस होती, पात्रता नव्हती.

तेवढ्यात एक फेलोशिप सापडली, मराठीतून. सहा महिने डॉक्टरांबरोबर बसून शिकायचं, सरकारी आरोग्याची व्यवस्था आतून समजून घ्यायची, आणि अडलं तर विचारायला एक मार्गदर्शक. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला बक्षीस नको होतं, फोटो नको होता. विचारायला कुणीतरी हवं होतं. अट एकच, स्वतःच्या नावाने छापलेल्या आरोग्याच्या तीन बातम्या. नाव नसेल तर संपादकांचं पत्र.

मी ठाण्याच्या कचेरीत गेले. तीन कात्रणं संपादक सरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "सर, ह्या माझ्या आहेत एवढं लिहून द्या."

सरांनी तिन्ही कात्रणं चाळली. मग म्हणाले, "अहो, ह्याच तिन्हीसाठी कालच पत्र दिलं. डेस्कवरच्या त्याला."

डेस्कवरचा म्हणजे माझ्या बातम्या पानात बसवणारा उपसंपादक. त्याला फोन केला. वाटलं होतं, ओशाळेल. पण तो मनापासून म्हणाला, "ताई, मथळा माझा, मांडणी माझी, रक्तपेढीला फोनही मीच केला होता. तुम्ही माहिती पाठवली होती की." आमच्याकडे हीच पद्धत आहे. तालुक्यातून येते ती 'माहिती', आणि डेस्कवर तिची 'बातमी' होते. इतकी वर्षं हे ऐकत होते, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. सर म्हणाले, कचेरीतून एकच अर्ज जाऊ शकतो, पुढच्या वर्षी तुमचं नक्की बघू. तेही 'बघू'च म्हणाले!

तरीही मी पत्राविना अर्ज केला. गेला तसा परत आला. डेस्कवरच्याची निवड झाली. कचेरीच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ सुरू झाले, आणि मनातल्या मनात 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणत मीही हात जोडलेलं चित्र टाकलं. त्यानंतर जिन्यात बसून रडले. लूमचा एक फायदा आहे, कुणाला ऐकू जात नाही.

पावसाळा संपता संपता त्याचा फोन आला. "ताई, त्या बाळंतिणीवरच प्रकल्प करतोय. घरच्यांना भेटवाल?" नाही म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण बाईला उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडूनच मिळावं असा काही नियम नव्हता. मी त्याला पाड्यावर घेऊन गेले.

तो बदलला होता. हे मला कबूल करवत नाही, पण बदलला होता. त्याने बाईला मुलीबद्दल नीट, एकामागून एक विचारलं. रक्त जायला लागल्यावर कुणी बघितलं, गाडी कधी मागवली, वाटेत सोबत कोण होतं. तिचं बोलणं त्याला अधूनमधून कळेना, तेव्हा मी सांगत होते. शेवटी त्याने विचारलं, "चौकशीच्या बैठकीला तुम्हाला बोलावलं होतं का?"

"कसली बैठक?" बाईच्या आधी मीच विचारलं.

बाळंतपणात बाई दगावली की सरकारी चौकशी होते, तो म्हणाला. जिल्ह्याला बैठक बसते, डॉक्टरांना जाब विचारतात, घरच्यांना बोलावून त्यांचंही ऐकून घेतात. हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तो ठाण्याला जाऊन विचारूनही आला होता. हिच्या मुलीची बैठक उन्हाळ्यातच झाली. घरचं कुणी आलं नाही, अशी नोंद करून प्रकरण मिटवलं होतं.

उन्हाळ्यात ही बाई दर आठवड्याला माझ्या दारात बसत होती.

मी तिला त्याचं बोलणं तिच्या भाषेत सांगितलं. तिने नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"ताई, तुला ह्ये ठाव न्हवतं?"

"नव्हतं."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. तिने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग मी कोनाला इचारायला पायजे व्हतं?"