अक्काचा उजवा पाय

मी नालबंद आहे. बंगळूरच्या रेसकोर्सवर घोड्यांना नाल ठोकण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. तिथल्या एका घोडीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. कागदावरचं लांबलचक इंग्रजी नाव तबेल्यात कुणाच्या तोंडी बसलं नाही. शर्यत जिंकून आली की ती आधी मोतद्दार अण्णांचा खिसा हुंगायची. खिशात गूळ असायचा. तिला खरारा करणं, खाऊ घालणं सगळं अण्णांकडेच होतं.

मागच्या हंगामात धावताना तिचा पुढचा उजवा पाय मोडला. तिथेच पडदा धरून डॉक्टरांनी तिला कायमचं झोपवणारी सुई दिली. त्यानंतर अण्णा तबेल्यात आले नाहीत.

तिच्या माणसांसाठी तिची आठवण आपल्या हातांनी घडवायची, असं मी ठरवलं. दर रविवारी चन्नपट्टणला एका खेळण्यांच्या कारागिराकडे जाऊ लागलो. लाकूड कातायच्या चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी दाबायची, लाख वितळून चढली की ताडाच्या पानाने घासायचं. माझी पहिली घोडी पाहून कारागिराने विचारलं, "हे भुंकतं का?" मी जात राहिलो. शेवटी सात चांगल्या झाल्या, तिच्या सात माणसांसाठी एकेक. वीतभर उंच, तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा.

त्यांतली एक घेऊन आधी अण्णांकडे गेलो, त्यांच्या लेकीच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटवर. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली.

"पंचकल्याणी केलीस की रे हिला!"

कपाळ आणि चारी पाय पांढरे, तो घोडा पंचकल्याणी. फार शुभ मानतात. अक्काचे तीनच पाय पांढरे होते.

"चारी पाय एकाच दांडक्यातून कातून निघतात अण्णा," मी म्हणालो. "सगळ्यांवर तोच पट्टा येतो."

"सरी, बरं. म्हणजे चूक चरकाची." ते हसले नाहीत. "एवढी वर्षं तिचे पाय मांडीवर घेऊन बसलास तू. कुठला तपकिरी होता, सांग."

"पुढचा उजवा."

ते बोललो आणि पुढचं आत ठेवता येईना. शर्यतीच्या आदल्या दिवशी नाल बदलताना तो खूर मला गरम लागला होता; आत काही दुखावलं असल्याची ती खूण. ऐन वेळी खोट काढलेली ट्रेनरला खपत नसे. उन्हाने तापला असेल, असं स्वतःला सांगून मी पाय खाली ठेवला. पाय त्यामुळेच मोडला का, ते डॉक्टरही ठामपणे सांगणार नाहीत. पण मी बोललो असतो तर ती धावली नसती. हे सगळं मी अण्णांना सांगितलं.

ते म्हणाले, "ट्रेनरचं राहू दे. मला का नाही सांगितलंस? मी तिला बाहेर काढलीच नसती."



त्यांनी घोडी माझ्या हातात परत दिली. "ही अक्का नव्हे. घेऊन जा."

"नीट करून आणतो."

"आण. पण ज्याला ज्याला देशील, त्याला आधी हे सांगायचं. घोडी मागाहून."

"सरी, अण्णा."

सातही घोड्यांचा तो पाय काढून मी नव्याने कातला, तपकिरी केला. उद्या सकाळचा सराव आटोपला की एक घेऊन आधी ट्रेनरकडे जाणार आहे. कदाचित काम जाईल. मग बाकीचे पाच जण. अण्णांची सर्वांत शेवटी नेईन, सगळ्यांना सांगून झाल्यावर. ते घेतील की नाही, ठाऊक नाही.